पेशी आणि तिचे रसायन : मोजमापापासून प्रथिनापर्यंत शिकण्याचा एक क्रम

शाळेत पेशीचा अभ्यास बहुधा एका नामनिर्देशित आकृतीपासून आणि तिच्याखालच्या ‘अंगक व कार्य’ या तक्त्यापासून सुरू होतो. तंतुकणिका म्हणजे पेशीचे ऊर्जाकेंद्र, लयकारिका म्हणजे आत्मघाती पिशवी, अशी वाक्ये पाठ होतात, उत्तरपत्रिकेत उतरतात आणि पुढच्या इयत्तेत जीवरसायनशास्त्र समोर आले की निरुपयोगी ठरतात, कारण त्यांपैकी एकही वाक्य दुसऱ्याला जोडलेले नसते. प्रस्तुत लेखात सुचवलेला क्रम वेगळा आहे. आधी आकारमान, मग प्रत्यक्ष निरीक्षण, त्यानंतर पाणी व रेणू, मग पेशीपटल, विकरे (एन्झाइम), ऊर्जा आणि सर्वांत शेवटी आनुवंशिक माहिती असा हा क्रम आहे. अंगकांची नावे वाटेत जेथे लागतील तेथेच घ्यायची आहेत. प्रत्येक टप्प्यावर एकच प्रश्न विचारत राहावा : पेशीच्या किंवा अंगकाच्या आत असे काय आहे जे बाहेर नाही, आणि तो फरक टिकवण्यासाठी कशाचा खर्च होतो?

हा क्रम नववी ते बारावीच्या विद्यार्थ्यांसाठी आहे. सूक्ष्मदर्शक, काचपट्ट्या, तराजू आणि नेहमीची काही रसायने असलेली शाळेची प्रयोगशाळा त्यासाठी पुरेशी असून, सर्व प्रयोग शिक्षकांच्या देखरेखीखाली आणि संरक्षक चष्मा लावूनच करावेत.

टप्पा १ : आकारमानाची जाण

१ मिलिमीटर म्हणजे १,००० मायक्रोमीटर आणि १ मायक्रोमीटर म्हणजे १,००० नॅनोमीटर, हे रूपांतर सर्वांना येते. अडचण अशी की निरनिराळे आकडे निरनिराळ्या प्रकरणांत भेटतात आणि त्यांचे परस्परांशी प्रमाण मनात बसत नाही. म्हणून वहीच्या एका पानावर १ नॅनोमीटर बरोबर १ मिलिमीटर असे प्रमाण धरून यादी तयार करावी. या प्रमाणात पाण्याचा रेणू सुमारे पाव मिलिमीटरचा होतो, डीएनएचे दुहेरी सर्पिल २ मिलिमीटर जाड, पेशीपटल ७ ते ८ मिलिमीटर जाड आणि रायबोझोम साधारण २५ मिलिमीटरचा होतो. तंतुकणिकेची रुंदी अर्धा ते एक मीटर भरते, एखादा सामान्य जिवाणू एक ते दोन मीटर लांब असतो, मानवी तांबड्या रक्तपेशीचा व्यास ७ ते ८ मीटर होतो आणि कांद्याच्या पापुद्र्यातील एक पेशी जवळपास ३०० मीटर लांब होते. वीस मीटर रुंदीच्या प्राणिपेशीभोवती जेमतेम आठ मिलिमीटरचे पटल असते आणि आतबाहेरचा सारा व्यवहार तेवढ्या जाडीत चालतो, हे एकदा कागदावर मांडले की पुस्तकातील आकृत्या प्रमाणात नसतात हे वेगळे सांगावे लागत नाही.

पेशी इतक्या लहान का, याचे उत्तर दोन गणितांत आहे. १, २ आणि ४ सेंटिमीटर बाजूंच्या घनांचे पृष्ठफळ आणि घनफळ काढून त्यांचे गुणोत्तर लिहावे; ते अनुक्रमे ६, ३ आणि १.५ येते. आकार वाढतो तसे आतल्या द्रव्याच्या वाट्याला येणारे पृष्ठ घटत जाते. दुसरे गणित विसरणाचे आहे. विसरणाला लागणारा वेळ अंतराच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो, म्हणजे अंतर दहापट झाले की वेळ शंभरपट होतो. ऑक्सिजनसारख्या लहान रेणूला पाण्यात १० मायक्रोमीटर अंतर पसरायला सेकंदाचा एक लहानसा अंश पुरतो, तर १ सेंटिमीटरसाठी कित्येक तास लागतात. मोठ्या प्राण्यांना रक्ताभिसरण का लागते, या प्रश्नाचे उत्तरही येथेच मिळते.

टप्पा २ : पेशी प्रत्यक्ष पाहणे आणि मोजणे

कांद्याच्या जाड पाकळीच्या आतल्या, खोलगट बाजूवरून चिमट्याने पातळ पारदर्शक पापुद्रा सोलून तो लगेच काचपट्टीवरील पाण्याच्या थेंबात ठेवावा. उशीर झाला तर तो सुकतो आणि घड्या पडतात. त्यावर आयोडीनच्या द्रावणाचा एक थेंब टाकून आच्छादन काच एका कडेने टेकवावी व सुईच्या आधाराने हळूहळू खाली सोडावी, म्हणजे हवेचे बुडबुडे अडकत नाहीत. जास्तीचे द्रावण टिपकागदाने टिपून घ्यावे. निरीक्षण नेहमी सर्वांत कमी क्षमतेच्या वस्तुभिंगाखाली सुरू करावे आणि मोठ्या भिंगाकडे गेल्यावर फक्त सूक्ष्म समायोजक फिरवावा. स्थूल समायोजक फिरवल्यास भिंग काचपट्टीवर आदळण्याचा धोका असतो.

नेत्रिकेची १० पट आणि वस्तुभिंगाची १० पट क्षमता मिळून एकूण विशालन १०० पट होते. मात्र विशालन म्हणजे मोजमाप नव्हे. मोजण्यासाठी पारदर्शक मोजपट्टी मंचावर ठेवून याच विशालनाखाली दृश्यक्षेत्राचा व्यास पाहावा. समजा तो १.८ मिलिमीटर आला आणि त्यात कांद्याच्या सहा पेशी लांबीने बसल्या, तर एका पेशीची लांबी ०.३ मिलिमीटर, म्हणजे ३०० मायक्रोमीटर झाली. वस्तुभिंग ४० पटीचे केले की दृश्यक्षेत्राचा व्यास एक चतुर्थांश होतो, म्हणजे येथे ०.४५ मिलिमीटर, त्यात मोजपट्टीच्या खुणा उपयोगी पडत नाहीत, म्हणून तो गणितानेच काढावा. अनेक विद्यार्थी आकृतीखाली ‘× ४००’ असे लिहून थांबतात. त्यापेक्षा आकृतीच्या कडेला ‘१०० मायक्रोमीटर’ असे लिहिलेली मापरेषा काढलेली केव्हाही चांगली.

आकृती जसे दिसते तशीच काढावी. कांद्याच्या पापुद्र्यात हरितलवके नसतात, कारण तो भाग प्रकाशापासून दूर वाढतो. तरीही कित्येक वह्यांत ती हिरव्या रंगाने रंगवलेली आढळतात, याचा अर्थ आकृती सूक्ष्मदर्शकातून नव्हे तर पुस्तकातून उतरली आहे. हरितलवके पाहायची असतील तर हायड्रिलासारख्या पाणवनस्पतीचे कोवळे पान पाण्याच्या थेंबात ठेवावे. ते काही मिनिटे प्रकाशात राहिले की हरितलवके पेशीच्या कडेने एकामागून एक सरकताना दिसू शकतात आणि पेशीद्रव्य स्थिर नसते हे डोळ्यांदेखत कळते.

काय दिसत नाही याचीही नोंद ठेवावी. प्रकाशाच्या साध्या सूक्ष्मदर्शकाला सुमारे ०.२ मायक्रोमीटर, म्हणजे २०० नॅनोमीटरपेक्षा जवळ असलेले दोन बिंदू वेगळे दाखवता येत नाहीत. पेशीपटल ८ नॅनोमीटरचे असल्यामुळे कांद्याच्या पेशीभोवती दिसणारी ठळक रेषा ही पेशीपटल नसून पेशीभित्तिका असते. रॉबर्ट हूकने १६६५ मध्ये बुचाच्या कापात पाहिली ती हीच, मृत पेशींची रिकामी कोठडी. केंद्रकाला त्याचे नाव रॉबर्ट ब्राऊनकडून १८३१ मध्ये मिळाले. पटल या क्षणी अदृश्य आहे एवढे लक्षात ठेवावे, त्याच्याकडे पाचव्या टप्प्यात परत यायचे आहे.

टप्पा ३ : पाणी आणि सामू

पेशीच्या वस्तुमानाचा सुमारे ७० टक्के भाग पाणी असतो. पाण्याच्या रेणूत ऑक्सिजनकडे अंशतः ऋण आणि हायड्रोजनकडे अंशतः धन प्रभार असल्यामुळे आयन आणि ध्रुवीय रेणू त्यात विरघळतात व तेलासारखे अध्रुवीय रेणू त्यातून बाजूला पडून एकत्र येतात. पुढे पेशीपटल कसे तयार होते आणि प्रथिन कसे दुमडते, या दोन्ही प्रश्नांची उत्तरे या एका गुणधर्मात दडलेली असल्याने तो वरवर वाचून पुढे जाऊ नये.

सामू (पीएच), म्हणजे द्रावण किती आम्लधर्मी आहे ते सांगणारा आकडा, याची मोजपट्टी लॉगॅरिथमवर आधारलेली आहे. सामू एकने कमी झाला की हायड्रोजन आयनांची संहती दहापट होते. पेशीद्रवाचा सामू साधारण ७.२ आणि लयकारिकेच्या आतला सुमारे ५ असतो, म्हणजे लयकारिकेच्या आत हायड्रोजन आयन शंभराहून अधिक पटींनी जास्त असतात. ते आपोआप तेथे साठत नाहीत. पटलातील प्रथिने एटीपी, म्हणजे पेशीला लागणारी ऊर्जा पुरवणारा रेणू, खर्चून त्यांना सतत आत ढकलतात. लयकारिकेतील विकरे या आम्लधर्मी परिस्थितीतच नीट काम करतात, त्यामुळे थोडी गळती झाली तरी बाहेरच्या उदासीन पेशीद्रवात ती बरीचशी निष्प्रभ होतात. ‘आत्मघाती पिशवी’ हे नाव मला म्हणूनच फारसे पटत नाही. जीर्ण अंगकांचे आणि बाहेरून आलेल्या द्रव्याचे विघटन करून त्यांचे घटक पुन्हा वापरात आणणे, हेच तिचे रोजचे काम आहे.

टप्पा ४ : रेणूंची चार कुळे

कर्बोदके, मेद, प्रथिने आणि केंद्रकाम्ले यांची प्रकरणे स्वतंत्र असली तरी त्यांच्या जोडणीची रीत एकच आहे : दोन घटक जोडले जाताना पाण्याचा एक रेणू बाहेर पडतो आणि ती जोडणी तोडताना पाण्याचा एक रेणू खर्ची पडतो. ग्लुकोजचे रेणुवस्तुमान १८० आहे. दोन ग्लुकोज जोडून माल्टोज होते तेव्हा त्याचे रेणुवस्तुमान ३६० नव्हे तर ३४२ येते. वजा झालेले १८ हे पाण्याचे. हे गणित स्वतः करून पाहिल्यावर पचनक्रियेला जलविघटन का म्हणतात ते कळते.

स्टार्च आणि सेल्युलोज दोन्ही ग्लुकोजचेच बनलेले असतात, पण दोन घटकांमधील बंधाची दिशा वेगळी असते. एवढ्याशा फरकामुळे एकाची साखळी वळणे घेते व साठवणीला उपयोगी पडते, तर दुसरीच्या सरळ साखळ्या शेजारीशेजारी बांधल्या जाऊन भक्कम पेशीभित्तिका बनते. आणि स्टार्च फोडणाऱ्या मानवी विकराला सेल्युलोज फोडता येत नाही. मेद मात्र या साखळ्यांच्या पंगतीत बसत नाही. त्यात एका ग्लिसरॉलला तीन मेदाम्ले जोडलेली असतात आणि तेथेच रेणू संपतो.

प्रथिनांसाठी २० प्रकारची अमिनो आम्ले असतात. इन्सुलिन हे लहान प्रथिन असून त्यात ५१ अमिनो आम्ले २१ आणि ३० अशा दोन साखळ्यांत असतात. फ्रेडरिक सँगर यांनी त्यांचा नेमका क्रम उलगडला आणि त्या कामासाठी त्यांना १९५८ चे रसायनशास्त्राचे नोबेल पारितोषिक मिळाले. क्रमाचे महत्त्व दाखवणारे सर्वांत स्पष्ट उदाहरण हिमोग्लोबिनचे आहे. त्याच्या बीटा साखळीत सहाव्या स्थानी ग्लुटामिक आम्लाऐवजी व्हॅलिन आले की सिकल सेल हा विकार संभवतो. ग्लुटामिक आम्ल प्रभारित आणि पाण्यात रमणारे, तर व्हॅलिन पाणी टाळणारे. त्यामुळे ऑक्सिजन कमी असताना हिमोग्लोबिनचे रेणू एकमेकांना चिकटून लांब तंतू बनतात आणि रक्तपेशीचा आकार कोयत्यासारखा होतो. आठव्या टप्प्यासाठी हे उदाहरण जपून ठेवावे.

या टप्प्याच्या चाचण्या परिचित आहेत : स्टार्चला आयोडीन निळाकाळा रंग देते, प्रथिनाला बाययुरेट चाचणीत जांभळी छटा येते, मेदामुळे कागदावर अर्धपारदर्शक डाग पडतो आणि क्षपणकारी शर्करा बेनेडिक्ट द्रावणासह गरम पाण्यात ठेवल्यावर निळा रंग हिरवा, पिवळा आणि शेवटी विटकरी होत जातो. प्रत्येक चाचणीसोबत फक्त ऊर्ध्वपातित पाणी घेतलेली एक परीक्षानळी ठेवलीच पाहिजे, कारण तुलनेशिवाय रंगाची नोंद निरर्थक असते. सुक्रोजवर बेनेडिक्ट चाचणी अवश्य करून पाहावी. रंग बदलत नाही. ते द्रावण सौम्य हायड्रोक्लोरिक आम्लासह तापवून, मग सोडियम बायकार्बोनेटने उदासीन करून तीच चाचणी पुन्हा केली की विटकरी रंग येतो, कारण सुक्रोज फुटून ग्लुकोज आणि फ्रुक्टोज मोकळे झालेले असतात. त्या एका रंगबदलात जलविघटन प्रत्यक्ष दिसते.

टप्पा ५ : पेशीपटल आणि परासरण

फॉस्फोलिपिडचे एक टोक पाण्याकडे ओढले जाते आणि त्याच्या दोन शेपट्या पाण्यापासून दूर राहतात. असे असंख्य रेणू पाण्यात आले की शेपट्या आत आणि टोके बाहेर अशी दुहेरी चादर आपोआप तयार होते. सिंगर आणि निकोलसन यांनी १९७२ मध्ये मांडलेल्या प्रवाही प्रतिकृतीनुसार ही चादर स्थिर भिंतीसारखी नसते. त्यात प्रथिने रुतलेली असतात आणि तीही बाजूला सरकू शकतात. ऑक्सिजन आणि कार्बन डायऑक्साइड सहज आरपार जातात, आयन आणि ग्लुकोज मात्र वाहक प्रथिनांशिवाय अडून राहतात. पाणी थोडेफार थेट जाते, पण वेगाने जाण्यासाठी त्याला अ‍ॅक्वापोरिन नावाची वाहिनी-प्रथिने लागतात. त्यांच्या शोधाबद्दल पीटर अ‍ॅग्री यांना २००३ चे रसायनशास्त्राचे नोबेल विभागून मिळाले.

परासरणाचा, म्हणजे पटलातून होणाऱ्या पाण्याच्या वहनाचा, प्रयोग बटाट्याच्या तुकड्यांवर करावा. सुक्रोजचे रेणुवस्तुमान ३४२ असल्यामुळे ३४.२ ग्रॅम सुक्रोज पाण्यात विरघळवून एकूण आकारमान १०० मिलिलिटर केले की १ मोलर द्रावण मिळते. त्यातून सौम्य करत ०.८, ०.६, ०.४ आणि ०.२ मोलर द्रावणे तयार करावीत व सहाव्या चंचुपात्रात फक्त ऊर्ध्वपातित पाणी घ्यावे. बटाट्याचे सारख्या लांबीचे व जाडीचे, साल नसलेले तुकडे कापून प्रत्येकाचे वजन नोंदवावे आणि ते तासभर किंवा शक्य असल्यास त्याहून अधिक वेळ द्रावणात ठेवावेत. बाहेर काढल्यावर सर्व तुकडे सारख्याच पद्धतीने टिपकागदाने टिपून पुन्हा वजन करावे. येथेच बहुतेकांची गफलत होते : एक तुकडा दाबून पुसला आणि दुसरा नुसता टेकवला, तर ओल्या पृष्ठभागावरचे पाणी निष्कर्षच बदलून टाकते.

वजनातील फरक ग्रॅममध्ये न मांडता शेकड्यात मांडावा, कारण सुरुवातीची वजने अगदी सारखी नसतात. ४.० ग्रॅमचा तुकडा ४.४ ग्रॅम झाला तर बदल अधिक १० टक्के, ५.० ग्रॅमचा ४.६ झाला तर उणे ८ टक्के. आडव्या अक्षावर संहती आणि उभ्या अक्षावर शेकडा बदल घेऊन आलेख काढला की तो शून्य रेषेला एका ठिकाणी छेदतो. त्या संहतीचे द्रावण बटाट्याच्या पेशींना समपरासारी असते. त्याच्या डावीकडची द्रावणे अवपरासारी, उजवीकडची अतिपरासारी. व्याख्या आधी पाठ करून मग प्रयोग करण्यापेक्षा आलेखावरून व्याख्या लिहिणे अधिक टिकते, असा माझा आग्रह आहे.

आता अदृश्य राहिलेल्या पटलाकडे वळू. लाल कांद्याच्या पाकळीच्या बाहेरच्या बाजूचा रंगीत पापुद्रा पाण्याच्या थेंबात ठेवून सूक्ष्मदर्शकाखाली पाहावा. रंग रिक्तिकेत असल्याने संपूर्ण पेशी रंगलेली दिसते. मग आच्छादन काचेच्या एका कडेला मिठाच्या १० टक्के द्रावणाचा थेंब ठेवून दुसऱ्या कडेला टिपकागद लावावा, म्हणजे द्रावण काचेखाली ओढले जाते. थोड्याच वेळात रंगीत भाग कोपऱ्यांपासून सुटू लागतो, आक्रसतो आणि पेशीभित्तिका जागच्या जागी राहून दोहोंमध्ये रंगहीन मोकळी जागा पडते. या क्रियेला रससंकोच म्हणतात. रंगीत भागाची जी कड आत सरकली तीच पेशीपटलाची जागा. पटलाची जाडी अजूनही दिसत नाही, पण ते कोठे आहे हे आता बोट ठेवून सांगता येते. त्याच पद्धतीने काचेखाली साधे पाणी ओढून घेतले आणि रंगीत भाग पुन्हा फुगला, तर पेशी अद्याप जिवंत आहे. मेलेल्या पेशीचे पटल फुटलेले असते, त्यामुळे तिचा रंग बाहेर पाझरतो.

प्राणिपेशीला भित्तिकेचा आधार नसतो, म्हणून तांबड्या रक्तपेशी शुद्ध पाण्यात फुगून फुटतात. शिरेतून देण्याच्या सलाइनमध्ये मीठ ०.९ टक्के असते ते याच कारणासाठी. शिवाय अशा पेशीला आयनांचा समतोल सतत सांभाळावा लागतो. सोडियम-पोटॅशियम पंप हे प्रथिन एका एटीपीच्या मोबदल्यात तीन सोडियम आयन बाहेर टाकते आणि दोन पोटॅशियम आयन आत घेते. सुरुवातीला विचारलेल्या प्रश्नाचे हे सर्वांत नेमके उत्तर आहे : फरक कोणता आणि त्याचा खर्च किती, दोन्ही आकड्यांत सांगता येतात.

टप्पा ६ : विकरे

जिवंत यीस्ट पेशी नसताना, केवळ त्यांच्या रसाने किण्वन होते हे एडुआर्ड बुकनर यांनी १८९७ मध्ये दाखवले, आणि १९२६ मध्ये जेम्स समनर यांनी युरिएज हे विकर स्फटिकरूपात वेगळे करून ते प्रथिन असल्याचे दाखवले. विकर अभिक्रियेला लागणारी सक्रियण ऊर्जा कमी करते. जी अभिक्रिया मुळात शक्यच नाही ती विकर घडवून आणत नाही, आणि समतोलाची जागाही बदलत नाही, फक्त तेथवर लवकर पोहोचवते.

कॅटॅलेज हे विकर हायड्रोजन पेरॉक्साइडचे पाणी आणि ऑक्सिजन यांत विघटन करते आणि बटाट्यात ते भरपूर असते. समान उंचीच्या परीक्षानळ्यांत ३ टक्के हायड्रोजन पेरॉक्साइडचे सारखे आकारमान घेऊन एकीत बटाट्याचा तुकडा, दुसरीत तेवढ्याच वजनाचा पण बारीक चिरलेला, तिसरीत उकळून थंड केलेला आणि चौथीत बर्फात गार केलेला तुकडा टाकावा; चौथी नळी आणि तिच्यातील पेरॉक्साइडही बर्फात गार असावे. दर अर्ध्या मिनिटाने फेसाची उंची नोंदवावी. चिरलेल्या तुकड्यांत फेस सर्वांत वेगाने चढतो, कारण जास्त पेशी उघड्या पडतात. उकळलेल्यात काही घडत नाही आणि गार तुकड्यात फेस सावकाश चढतो.

वाचकांनी शेवटच्या दोन नळ्या एकाच सदरात टाकू नयेत. दोन्ही नळ्या आता कोमट पाण्यात ठेवाव्यात. गार नळीतला फेस जोर धरतो, उकळलेली नळी मात्र तशीच राहते. थंडीत रेणूंच्या टकरी मंदावतात इतकेच. उष्णतेने प्रथिनाची दुमड मोडते, सक्रिय स्थळाचा, म्हणजे विकराच्या ज्या भागात अभिक्रिया घडते त्याचा, आकार जातो आणि तापमान पूर्ववत केले तरी तो परत येत नाही. ‘विकर मरते’ असे उत्तरात लिहू नये. विकर जिवंत नसते, त्याचे विस्वाभावीकरण होते.

पेरॉक्साइडची संहती वाढवत नेली तर वेग आधी वाढतो आणि नंतर आडवा होतो, कारण सर्व सक्रिय स्थळे गुंतलेली असतात. असा आलेख समोर आला की प्रत्येक भागात वेग कशामुळे अडला आहे हे स्वतंत्रपणे लिहावे.

टप्पा ७ : ऊर्जेचा हिशेब

ग्लुकोज-विघटन पेशीद्रवात होते आणि त्यात निव्वळ दोन एटीपी मिळतात. पुढे त्यातून बनलेले पायरुव्हेट तंतुकणिकेत जाते, तेथील क्रेब चक्र या अभिक्रियांच्या मालिकेत आणखी दोन एटीपीएवढी ऊर्जा मिळते, आणि उरलेली ऊर्जा एनएडीएच व एफएडीएच-टू या इलेक्ट्रॉन वाहून नेणाऱ्या रेणूंवर चढलेली असते. जुन्या पुस्तकांत एकूण ३६ किंवा ३८ एटीपी आणि नव्यांत ३० किंवा ३२ असे आकडे दिसतात, त्यामुळे गोंधळ होतो. पूर्वी एका एनएडीएचमागे ३ आणि एफएडीएच-टूमागे २ एटीपी धरत. आता ते अनुक्रमे २.५ आणि १.५ धरले जातात. दहा एनएडीएचचे २५, दोन एफएडीएच-टूचे ३ आणि थेट मिळालेले ४ मिळून ३२ होतात. पेशीद्रवातील दोन एनएडीएचमधील इलेक्ट्रॉन कोणत्या मार्गाने तंतुकणिकेत जातात त्यानुसार हा आकडा ३० पर्यंत उतरतो. परीक्षेत आपल्या पाठ्यपुस्तकातील आकडा लिहावा, मात्र तो कसा आला हे स्वतःला माहीत असावे.

या वाहकांवरील ऊर्जेचे एटीपी कसे होते, याचे उत्तर पीटर मिचेल यांनी १९६१ मध्ये मांडले. इलेक्ट्रॉन वहन साखळी हायड्रोजन आयन तंतुकणिकेच्या आतील पटलाबाहेर ढकलते आणि ते एटीपी सिंथेज या प्रथिनातून परत येताना एटीपी तयार होते. लयकारिकेत एटीपी खर्चून आयनांचा फरक निर्माण केला जात होता. येथे उलट, आयनांचा फरक खर्चून एटीपी मिळते. आतील पटलाला भरपूर घड्या असतात त्या याच कामासाठी पृष्ठ वाढावे म्हणून.

प्रकाशसंश्लेषणाबद्दल येथे दोनच गोष्टी सांगणे पुरेसे आहे. बाहेर पडणारा ऑक्सिजन पाण्यातून येतो, कार्बन डायऑक्साइडमधून नव्हे. आणि वनस्पतींचे श्वसन दिवसरात्र चालूच असते, ते रात्रीपुरते नसते.

टप्पा ८ : डीएनएपासून प्रथिनापर्यंत

हा टप्पा पेन्सिल घेऊनच करावा. डीएनएतील चार घटक ए, टी, जी, सी या अक्षरांनी दाखवतात; नक्कल होताना एसमोर टी आणि जीसमोर सी येतो, फक्त आरएनएमध्ये टीऐवजी यू असतो. डीएनएच्या साचा-साखळीवर, म्हणजे जिच्यावरून नक्कल होते त्या साखळीवर, टी-ए-सी, जी-जी-ए, सी-टी-टी, ए-टी-टी असा क्रम आहे असे समजावे. त्यावरून होणाऱ्या संदेशवाहक आरएनएवर ए-यू-जी, सी-सी-यू, जी-ए-ए, यू-ए-ए असा क्रम येतो. तीन-तीन अक्षरांची एकूण ६४ त्रिके संभवतात. त्यांपैकी ६१ अमिनो आम्लांसाठी आणि तीन थांब्यासाठी असतात. तक्त्यातून पाहिल्यास वरील क्रमाचा अर्थ मेथिओनिन, प्रोलिन, ग्लुटामिक आम्ल आणि थांबा असा निघतो.

आता साच्यावरील तिसऱ्या त्रिकात मधला टी काढून ए लिहावा. आरएनएवर जी-यू-ए येते आणि ग्लुटामिक आम्लाच्या जागी व्हॅलिन बसते. चौथ्या टप्प्यात जपून ठेवलेल्या हिमोग्लोबिनमध्ये घडणारा बदल याच जातीचा आहे. त्याच त्रिकातील शेवटचा टी काढून सी लिहिला तर जी-ए-जी येते आणि अमिनो आम्ल बदलतच नाही. आणि दुसऱ्या त्रिकातील एक अक्षर गाळले तर पुढची सारी त्रिके सरकतात. उत्परिवर्तनाचे प्रकार या तीन खोडाखोडींतून समजतात, त्यांच्या व्याख्या नंतर वाचाव्यात.

तयार होणारे प्रथिन पेशीबाहेर जायचे असेल, तर त्याच्या मागोमाग जाताना अंगकांची नावे आपोआप क्रमाने येतात. स्वादुपिंडाच्या बीटा पेशीत इन्सुलिनचा संदेश केंद्रकातून बाहेर पडतो, खडबडीत आंतर्द्रव्यजालिकेवरील रायबोझोमवर साखळी बनते, ती जालिकेच्या पोकळीत दुमडते, गॉल्गी संकुलातून पुटिकांत भरली जाते आणि पुटिका पेशीपटलाशी एकरूप झाली की इन्सुलिन रक्तात मिसळते. वहीत तक्त्याऐवजी हा प्रवास काढावा आणि प्रत्येक थांब्यावर लागणारी ऊर्जा कोठून आली ते बाणाने दाखवावे. पेशीविभाजन येथे मुद्दाम घेतलेले नाही; गुणसूत्रे काय वाहून नेतात हे कळल्यानंतर त्याच्या अवस्था शिकणे पुष्कळ सोपे जाते.

टप्पा ९ : स्वतःची तपासणी

ज्याचे उत्तर एकाच प्रकरणात सापडत नाही असे प्रश्न निवडावेत. उदाहरणार्थ, परिपक्व मानवी तांबड्या रक्तपेशीत केंद्रक नसते आणि तंतुकणिकाही नसतात, तर तिचा सोडियम-पोटॅशियम पंप कशावर चालतो? ग्लुकोज-विघटनातून मिळणाऱ्या दोन एटीपींवर, हे उत्तर पाचवा आणि सातवा टप्पा जोडल्यावर मिळते. तिची झिजलेली प्रथिने बदलली का जात नाहीत, याचे उत्तर आठव्या टप्प्यात आहे, आणि म्हणूनच ती सुमारे १२० दिवसच टिकते. पुढील दोन प्रश्नांची उत्तरे वाचकांनी वहीत पूर्ण वाक्यांत लिहावीत. तंतुकणिकेच्या आतील पटलाला हायड्रोजन आयन आरपार जाऊ देणारे एखादे द्रव्य पेशीत मिसळले, तर ऑक्सिजनचा वापर, एटीपीची निर्मिती आणि उष्णता यांपैकी काय वाढेल व काय घटेल? आणि बटाट्याचे तुकडे आधी उकळून मग सुक्रोजच्या सहा द्रावणांत ठेवले, तर पाचव्या टप्प्यातील आलेख कसा दिसेल?